मल्लांचा अबोल गुरू : मल्लखांब

चैत्र पौर्णिमेच्या सूर्योदयी हनुमानजन्माचा सोहळा होतो. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत हे दिवस जत्रांचे. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत ग्रामदैवताची पालखी मिरवते, पाठोपाठ कुस्त्यांचा आखाडा भरतो. रेवड्यांवरच्या चिमुकल्या जोडीपासून नामांकित मल्लांपर्यंत सारे प्रथम मारुतिरायाला वंदन करून तांबड्या मातीत उतरतात. या बलोपासनेचा एक अबोल गुरू मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो म्हणजे मल्लखांब.

बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आहे. पुढे मागे पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केली. वणीच्या सप्तशृंगी गडावर साक्षात हनुमंताने त्यांना खांबावरील डाव दाखविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे मर्म हेच की, बलवान प्रतिस्पर्ध्याशी भिडण्याआधी मल्लाने खांबाशी झुंजून स्वतःचे शरीर वश करावे.

हा खांब शिसवी वा सागवानी. तळाशी जाड, वर निमुळता आणि माथ्यावर बोंड असलेला. जमिनीवर त्याची उंची साडेआठ फुटांच्या आसपास असते. त्याला एरंडेल चोळतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही. पण पकड किंचित ढिली पडली की, शरीर घसरू लागते. अढी मारताना डोके खाली, पाय वर आणि मांड्यांच्या पकडीत खांब! कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला जखडणारी हीच पकड. दसरंगाने खांदे व कंबर चपळ होतात, मान व पाठ कणखर बनते. जोडीदार नसतानाही मल्लाला असा सराव करता येतो.

भूमीवर साधलेली योगासने खांबावर करताना तर खरी कसोटी लागते. श्वास अडखळला की तोल जातो. मन विचलित झाले की पकड सुटते. काठी फिरविणाऱ्यालाही हाच अभ्यास उपयोगी. मनगट, खांदा व दृष्टी यांचा मेळ बसल्यावाचून लाठीचा वार नेमका पडत नाही आणि योग्य क्षणी आवरताही येत नाही.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे या विद्येची प्रात्यक्षिके दाखविली. २०१९ साली मुंबईत पहिली विश्व मल्लखांब स्पर्धा झाली. २०२४ साली उदय देशपांडे यांना या कार्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. दोरीच्या मल्लखांबावर मुलीही आज अलौकिक कौशल्य दाखवितात.

शिवनेरीच्या परिसराला बलोपासनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. याच गडावर १६३० साली शिवछत्रपतींचा जन्म झाला. जत्रेतील इनामासाठी गावकरी आनंदाने वर्गणी देतात. त्यातीलच थोडा वाटा काढून तालमीच्या अंगणात एक खांब रोवावा, जाणता शिक्षक आणावा, खाली मऊ माती पसरावी. आखाड्यातील इनाम एका दिवसाचे. खांबावर घडलेले शरीर व आवरलेले मन गावच्या लेकरांना आयुष्यभर पुरेल. मारुतिरायाच्या चरणी याहून उचित सेवा कोणती?