शरणपूरचे ‘बॉम्बे आफ्रिकन’ : कुटुंब, शिक्षण व समाजबांधणीतील कृष्णवर्णीय पुरुषांचे योगदान

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासात आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचा उल्लेख आला की अहमदनगरच्या निजामशाहीचा मुत्सद्दी मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी ही नावे प्रथम आठवतात. हा उल्लेख प्रामुख्याने तलवारीचा आणि सत्तेचा आहे. मात्र एकोणिसाव्या शतकात नाशिक शहरालगतच्या शरणपूर येथे वाढलेल्या कृष्णवर्णीय तरुणांनी शिक्षक, धर्मोपदेशक, कारागीर आणि कुटुंबप्रमुख या नात्याने केलेले कार्य तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात हे तरुण ‘बॉम्बे आफ्रिकन’ किंवा ‘नासिक बॉइज’ या नावांनी ओळखले जातात. ज्यांचे स्वतःचे कुटुंब गुलामगिरीने हिरावून घेतले, त्यांनी कुटुंब, शिक्षण आणि समाज यांची पुनर्बांधणी कशी केली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

शरणपूरची पार्श्वभूमी

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकच्या पश्चिमेस शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. शरण आलेल्यांचे गाव हा अर्थ तिच्या नावातच आहे. पुढे तेथे मुक्त झालेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रयगृह सुरू झाले. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून अरबस्तानाकडे गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सोडविलेली अनेक मुले मुंबईत उतरविली जात आणि त्यांपैकी काही शरणपूरला येत.

ही मुले याओ, मकुआ, गाला अशा वेगवेगळ्या समाजांतील होती. त्यांना आईवडिलांचा ठावठिकाणा माहीत नव्हता आणि अनेकांची मातृभाषाही हळूहळू विस्मरणात गेली. बाप्तिस्म्याच्या वेळी वेनराइट, फरार, वेलिंग्टन अशी युरोपीय नावे त्यांना मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन याचे मूळ नाव चेंग्विंबे असल्याची नोंद आहे. परंतु त्याच्या अनेक सोबत्यांची मूळ नावे इतिहासात उरली नाहीत. आश्रयगृहाने जीवदान दिले, पण त्याबरोबर ओळखही बदलली. हा अंतर्विरोध लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

शिक्षणाचे स्वरूप

शरणपूरच्या शिक्षणात वाचन, लेखन आणि धर्मशिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या हस्तव्यवसायांना स्थान होते. अक्षरज्ञान आणि हाताचे कसब यांची ही सांगड महत्त्वाची ठरली.

सप्टेंबर १८६५ मध्ये मुंबईत आलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी नाशिकला भेट दिली आणि १८६६ च्या मोहिमेत येथील नऊ तरुणांना सोबत घेतले. १८७२ मध्ये त्यांच्या मदतीसाठी गेलेल्या तुकडीतही नाशिकचे सहा तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार हे त्यांपैकीच. मे १८७३ मध्ये चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. त्यांच्या आफ्रिकी सहकाऱ्यांनी त्यांचा देह सुमारे नऊ महिने पायी प्रवास करून बागामोयो येथे किनाऱ्यावर आणला. चितांबो येथे अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली, झाडाच्या खोडावर लेख कोरला आणि प्रवासाची दैनंदिनीही लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधील दफनविधीस तो उपस्थित होता. तरीही जगाने या तरुणांकडे केवळ ‘विश्वासू सेवक’ म्हणून पाहिले. वस्तुतः तो साक्षर, घटनेची नोंद ठेवणारा इतिहासाचा साक्षीदार होता.

कुटुंब व समाजबांधणी

या तरुणांचे अधिक मोलाचे कार्य मात्र मोहिमांच्या बाहेर घडले. विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेमलर हे १८६४ मध्ये मोंबासाजवळील रबाई येथे गेले. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारास मान्यता दिली. मुक्त गुलामांसाठी मोंबासानजीक वसाहत उभी राहिली आणि तिला ‘फ्रेअर टाऊन’ हे नाव मिळाले. तिच्या उभारणीसाठी प्राइस तेथे गेले आणि १८७४-७५ च्या सुमारास जवळपास दीडशे ‘बॉम्बे आफ्रिकन’ तेथे पोहोचले.

त्यांच्यापैकी अनेकांनी मिशनच्या आश्रयाखाली वाढलेल्या मुक्त आफ्रिकी तरुणींशी विवाह केले होते. रक्ताचे नाते तुटलेल्या माणसांसाठी विवाह आणि घर ही केवळ खासगी बाब नव्हती. वसाहतीचा सामाजिक पाया त्यातूनच घातला गेला. गलबतांवरून नव्याने सोडविलेली मुले आणि प्रौढ येथे येत, तेव्हा त्यांना शिकविण्यास, दुभाषाचे काम करण्यास आणि हस्तव्यवसायाची दीक्षा देण्यास हेच पुरुष पुढे होते. एके काळी ज्यांना आश्रय मिळाला, तेच आता आश्रय देणारे झाले. फ्रेअर टाऊनच्या घंटेवरून पडलेले ‘केंगेलेनी’ हे स्थाननाम मोंबासात आजही प्रचलित आहे.

या भूमिकेची कसोटी रबाई येथे लागली. मालकांकडून पळून आलेल्या शेकडो गुलामांनी तेथे आसरा घेतला होता आणि मिशनची जबाबदारी जोन्स यांच्याकडे होती. मालकांची बाजू प्रबळ होती, आणि पळून आलेल्यांना थारा देणे मिशनच्या अधिकृत धोरणात बसत नव्हते. अखेर १८८८ मध्ये इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी विविध मिशन केंद्रांतील सुमारे १,४०० व्यक्तींना स्वातंत्र्याचे दाखले देण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य रबाईचे होते.

मर्यादा व संघर्ष

हे चित्र सर्वस्वी उज्ज्वल नव्हते. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन यांची हत्या झाली, तेव्हा उरलेला काफिला जोन्स यांनीच परत आणला. एवढे कर्तृत्व असूनही वेतन, दर्जा आणि निर्णयाधिकार यांबाबत ‘बॉम्बे आफ्रिकन’ आणि युरोपीय मिशनरी यांच्यात तणाव वाढत गेला. दुसरीकडे, भारतात वाढलेल्या या पुरुषांना स्थानिक समाजाशी जुळवून घेणेही सोपे नव्हते. शिक्षण मिळाले, जबाबदारी मिळाली. अधिकार मात्र हात राखून दिला गेला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. एक, अक्षरज्ञानास कौशल्याची जोड मिळाल्याने हे तरुण परावलंबी राहिले नाहीत. दोन, उद्ध्वस्त समाजाची पुनर्बांधणी बाहेरून येणाऱ्या उपकारकर्त्यांपेक्षा त्याच अनुभवातून गेलेली माणसे अधिक समर्थपणे करतात. तीन, शिकलेल्यास निर्णयाचा अधिकार नाकारला, तर शिक्षण देणारी संस्थाच आपल्या उद्दिष्टापासून दूर जाते.

दोन्ही परिस्थितींत मोठे अंतर असले, तरी वणी-दिंडोरी परिसरातील अध्यापकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आदिवासी पाड्यांवरून येणारे, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकणारे पहिल्या पिढीचे विद्यार्थी येथील वर्गांतही बसतात. घर, बोली आणि नाव यांपासून त्यांना न तोडता शिक्षण द्यावे, आणि उद्या त्यांच्याच हाती संस्थेची सूत्रे सोपविण्याची तयारी ठेवावी, ही शरणपूरच्या इतिहासाची शिकवण आहे. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनी या नावामागील माणसांची ओळख करून घेणे, हे स्थानिक इतिहासाच्या अध्यापनाचे पहिले पाऊल ठरावे.