बोर्डो मिश्रण : समीकरण समजून घ्या, मग फवारा

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव चुनखडी व चुन्याच्या भट्ट्या यांसाठी ओळखले जाते. चुना केवळ बांधकामाच्या उपयोगाचा नाही. मोरचुदाशी त्याचा संयोग घडवून केलेले बोर्डो मिश्रण विदर्भातील संत्रा बागाइतदारांना डिंक्या रोगाच्या बंदोबस्तासाठी उपयोगी पडते. फ्रान्समधील मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये द्राक्षावरील केवडा रोगासाठी हे मिश्रण प्रसिद्ध केले. मात्र ते चुकीचे तयार झाल्यास कोवळी पाने करपतात. चूक कोठे होते, हे रासायनिक समीकरणावरून कळते.

समीकरणात डावीकडे मूळ पदार्थ व उजवीकडे तयार होणारे पदार्थ लिहितात. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंस सारखेच असावे लागतात.

१. विघटन (भट्टीत) :
चुनखडी → कळीचा चुना + कार्बन डायऑक्साइड
१०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुना मिळतो.

२. संयोग (चुना विरविताना) :
कळीचा चुना + पाणी → विरलेला चुना
या वेळी पुष्कळ उष्णता निघते. म्हणून पाणी थोडे थोडे घालावे व चेहरा दूर ठेवावा.

३. दुहेरी विस्थापन (द्रावणात) :
मोरचूद + विरलेला चुना → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट
येथे दोन संयुगे आपले घटक अदलाबदल करतात व आकाशी रंगाचा साका तयार होतो. बुरशीला आळा घालणारे तांबे या साक्यात असते. प्रत्यक्षात ही क्रिया थोडी गुंतागुंतीची आहे. परंतु व्यवहारासाठी एवढे समीकरण पुरेसे आहे.

या समीकरणाप्रमाणे १ किलो मोरचुदास सुमारे २२५ ग्रॅम शुद्ध कळीचा चुना पुरतो. तरीही १ किलो घेण्याची शिफारस आहे, कारण बाजारातील चुना शुद्ध नसतो. शिवाय उघड्यावर पडलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो व कुचकामी ठरतो. यास्तव चुना ताजा व खडे असलेला घ्यावा.

कृती : १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. १ किलो चुना दुसऱ्या भांड्यात विरवून, गाळून ५० लिटर करावा. मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे. भांडी प्लास्टिकची, मातीची वा लाकडाची असावीत. खोडास लावण्याच्या मलमासाठी पाणी एकूण १० लिटरच घ्यावे.

४. विस्थापन (परीक्षा) : मिश्रणात स्वच्छ विळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास मोरचूद शिल्लक आहे असे समजावे :
लोखंड + मोरचूद → हिराकस + तांबे
थर चढणे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालावी. लोखंडी पिंपात हे मिश्रण का करू नये, याचेही उत्तर या समीकरणात आहे.

मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ते अल्कधर्मी असल्याने त्यात अनेक कीटकनाशके विघटित होतात. म्हणून दुसरे औषध त्यात मिसळू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. टाकीत काय आहे व त्याचे काय होते, हे जाणल्यावाचून पंप पाठीवर घेऊ नये. हातमोजे, चष्मा व तोंडावर मुखपट्टी वापरावी. ग्रामसेवक व कृषी सहायकांनी विळ्याची परीक्षा गावात प्रत्यक्ष करून दाखवावी.