गळा तयार आहे, पण कॉलेजचं काय?

मे महिन्यातल्या एका दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "ताई, पोरीनं सायन्सचा फॉर्म भरलाच नाही. म्हणते, संगीत नाटक शिकायचंय. शहरातल्या कॉलेजात 'म्युझिकल थिएटर' असा कोर्स निघालाय. तुमचा भाऊ बोलतच नाही दोन दिवस. तुम्ही एकदा बघून याल का तिच्याबरोबर?"

भाचीचा गळा चांगला आहे, हे घरच्यांनाच नव्हे तर सगळ्या गल्लीला माहीत आहे. गावातल्या गुरुजींकडे सात वर्षं शिकली, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा दिली आणि गणपतीत 'सौभद्र'मधली सुभद्रा करून बायकांना रडवलंनही. पण गणपतीतली सुभद्रा वेगळी आणि वर्षाला सव्वा लाख भरून घेतलेलं शिक्षण वेगळं. भावानं त्यासाठी एफडी मोडायची ठेवली होती. तेव्हा म्हटलं, जाऊ या, पण नुसतं बघायला नाही, तपासायला.

कॉलेज बघून भाची हरखलीच. काचेचा दरवाजा, भिंतीवर मालिकेतल्या प्रसिद्ध नटीचा हा एवढा मोठा फोटो. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "या इथं शिकल्या का?" ती म्हणाली, "नाही मॅडम, गॅदरिंगला आल्या होत्या."

मग मी चालू आठवड्याचं वेळापत्रक मागितलं. माहितीपुस्तकातलं नको, वर्गाच्या दारावर लावतात ते. जरा नाखुशीनंच दाखवलं. गायनाचा तास आठवड्यातून एकदा, शनिवारी, दोन तास. वर्गात मुलं चाळीस. भाचीनं मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, एकेकाला तीन मिनिटं येतात गं." गावातले गुरुजी तिला रोज पाऊण तास समोर बसवतात, तेही नाममात्र फीमध्ये!

आम्हाला मागच्या वर्षीच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग दाखवलं. दिवे झकास, कपडे झकास. पण गाणं सुरू झालं आणि भाची पुढं सरकून बघायला लागली. गाणं मागून वाजत होतं, मुलं ओठ हलवत होती. इथं मात्र मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. अहो, संगीत नाटक म्हणजे नाटकात गाणी घातली की झालं असं नाही. धावत येऊन भांडायचं, वाक्याच्या शेवटी आवाज अलगद सुरावर आणायचा आणि दम लागला असला तरी पद उचलायचं. ऑर्गन आणि तबल्याकडे कान, समोरच्या नटाकडे डोळे. त्यातही दुसरा गात असताना आपण नुसतं उभं राहून काय करायचं, हे सगळ्यात अवघड. हे सगळं जिवंत साथीवरच शिकता येतं. रेकॉर्ड तुमच्यासाठी थांबत नाही, तबलजी थांबतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा असली कॉलेजं कुठं होती? नाटक कंपनी हेच घर आणि हीच शाळा. पोरं वर्षानुवर्षं कंपनीच्या पंगतीला जेवायची आणि कानावर पडून शिकायची. बालगंधर्वांच्या कंपनीत तर तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता. अशा साथीला रोज उभं राहणाऱ्या नटाचं काय होत असेल, बघा. पुढं जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या घरातच पुढची पिढी तयार झाली. त्यांच्या कीर्ती शिलेदार २०१८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. २०२२ मध्ये त्या गेल्या. ही माणसं आयुष्यभर जे शिकली ते आपली मुलगी तीन-चार वर्षांत शिकणार म्हणते. मग तास तरी पोटभर नकोत का?

आता प्रश्न असा की हे नीट शिकवतात कुठं? पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, १९८७ पासूनचं. मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी २००३ साली सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, गोव्याला कला अकादमी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं तर आधी पदवी हवी आणि नाटकात काम केल्याचा अनुभवही. म्हणजे बारावीनंतर लगेच तो रस्ता नाही, पण तिथं विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते, हे भावाला मुद्दाम सांगितलं. एक मेख मात्र लक्षात ठेवायची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी संगीताची शाखा वेगळी आणि नाटकाची वेगळी. मुलीनं नाटक घेतलं तर गाणं बाहेर गुरूकडे चालू ठेवावं लागतं, गाणं घेतलं तर नाटकाच्या तालमीला स्वतःहून जाऊन बसावं लागतं. त्या दुसऱ्या शिकवणीचा खर्च माहितीपुस्तकात कुठंच छापलेला नसतो.

ऑफिसात मी तिसरी गोष्ट विचारली, कागद कोणाचा? तर म्हणे, "आमचा स्वतःचा डिप्लोमा, इंडस्ट्रीत चालतो." इंडस्ट्रीत चालत असेलही, नाटक कंपनी कागद बघून काम देत नाहीच. पण उद्या एम. ए. करायचं ठरवलं, तर विद्यापीठाची पदवी लागते. कॉलेजच्या पाटीवर विद्यापीठाचं नाव असलं म्हणून त्यातला प्रत्येक कोर्स विद्यापीठाचा नसतो. कोर्सचं नाव लिहून सरळ विद्यापीठात विचारायचं.

पैशांचंही तेच. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याबद्दल यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे. शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी रद्द केलं तर प्रक्रिया खर्च वजा करून सगळी फी परत. मग नव्वद, ऐंशी, पन्नास टक्के असं कमी होत जातं आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही नाही. मूळ मार्कशीट ते अडकवून ठेवू शकत नाहीत. पण हे संरक्षण मान्यताप्राप्त पदवीच्या अभ्यासक्रमांना. स्वतःच्या डिप्लोमावाल्यांकडे हा नियम दाखवला की ते हसतात. आमच्याकडे बघूनही एकजण हसलाच. वर म्हणतो, "आज भरलं तर पाच हजार सूट."

खरी माहिती मिळाली ती कँटीनमध्ये. मी चहा घेत बाजूला बसले आणि भाचीला दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडे पाठवलं. माझ्यासमोर त्या कशाला बोलतील? अर्ध्या तासानं आली ती गप्प होऊन. गायनाचे सर वर्षभरात तीनदा बदलले. तालीम रात्री साडेनऊपर्यंत चालते आणि हॉस्टेलचं फाटक साडेआठला बंद. मग मुली मैत्रिणींच्या खोल्यांवर झोपतात. तक्रार करायची तर अंतर्गत समिती कुठे, तिच्यावर कोण आहे, हे एकीलाही माहीत नव्हतं. खरं तर प्रत्येक महाविद्यालयात ती समिती असावीच लागते आणि तिची नावं मुलींना दिसतील अशी लावायची असतात. आम्ही जिना चढून फलक बघून आलो. फायर एक्स्टिंग्विशरच्या सूचना होत्या, समितीची नावं नव्हती.

परतीच्या एसटीत भाची खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी काही बोलले नाही. कराडच्या पुढं आल्यावर तीच म्हणाली, "आत्या, बाबांना सांगू नको की मला रडू आलं. कॉलेज वाईट होतं, नाटक नाही."

घरी वहिनी दारातच उभी होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "ताई, कॉलेजात असताना राज्य नाट्यस्पर्धेला मला घेतलं होतं. वडील म्हणाले, तालमीहून रात्री कोण आणणार? मी दुसऱ्या दिवशी नाव काढून आले. हिला तसं नाव काढायला लावू नका." भाऊ आतल्या खोलीत होता, पण दार उघडंच होतं.

एफडी मोडलेली नाही. गावच्या कॉलेजात बी. ए.ला नाव घातलंय, संगीत विषय घेऊन. शिवाय विद्यापीठाच्या केंद्राचा फॉर्म भरला. तिथल्या चाचणीला भाऊ स्वतः रजा टाकून गेला. बाहेर बसून त्यानं तिथल्या शिपायाला विचारलं म्हणे, की मुलींची तालीम किती वाजता सुटते आणि हॉस्टेल किती लांब आहे. यादी पुढच्या आठवड्यात लागणार आहे. तोवर पहाटे गुरुजींकडचा रियाज चालू आहे, काळी चारमध्ये.