पक्षाघाताची पुनरावृत्ती : जोखीम आणि आरोग्य अर्थकारण

रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होणे किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे म्हणजे पक्षाघात होय. पहिल्या आघातातून रुग्ण बचावला की संकट टळले, असा कुटुंबाचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. विविध अभ्यासांच्या 2011 मधील एकत्रित विश्लेषणानुसार, पहिल्या पक्षाघातानंतर वर्षभरात सुमारे 11 टक्के, पाच वर्षांत 26 टक्के, तर दहा वर्षांत 39 टक्के रुग्णांना पुन्हा पक्षाघात झाल्याचे आढळले. सुरुवातीच्या काळात ही जोखीम सर्वाधिक असते.

मात्र ही जोखीम अटळ नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखूसेवन ही तिची प्रमुख कारणे आटोक्यात आणता येतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पक्षाघाताचा पूर्वेतिहास असलेल्या सुमारे 6,100 व्यक्ती सहभागी होत्या. सुमारे चार वर्षांत रक्तदाब कमी करणारी औषधे दिलेल्या गटात 10 टक्के, तर औषधविरहित गोळी दिलेल्या गटात 14 टक्के व्यक्तींना पुन्हा पक्षाघात झाला. म्हणजेच सापेक्ष जोखीम 28 टक्क्यांनी, तर निरपेक्ष जोखीम 4 टक्के अंकांनी घटली. दर 25 रुग्णांमागे एक पक्षाघात टळला, असा याचा अर्थ. धोरणनिर्मितीत हा दुसरा आकडा अधिक उपयुक्त ठरतो.

येथे अर्थशास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचा खर्च 15 दिवसांपुरताच समाविष्ट असतो. जोखीम मात्र अनेक वर्षे टिकते. कमावता सदस्य अंथरुणाला खिळला असता कुटुंब प्रथम रोजच्या गोळ्यांवरील खर्चाला कात्री लावते. आज वाचलेले काही रुपये उद्या दुसऱ्या आघाताच्या रूपाने अनेक पटींनी वसूल होतात. म्हणूनच आयुष्मान आरोग्य मंदिरांतील औषधपुरवठ्याचे सातत्य आणि जनऔषधी केंद्रांतील स्वस्त औषधे यांना विशेष महत्त्व आहे.

केवळ माहिती पुरवणे पुरेसे नाही. 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट इंडिया’ या भारतीय चाचणीत लघुसंदेश व चित्रफितींमुळे औषधे नियमित घेण्याचे प्रमाण सुधारले. परंतु वर्षभरातील आघातांची संख्या घटली नाही. तात्पर्य, उपदेशाला नियमित रक्तदाब तपासणी, अखंड औषधपुरवठा आणि पाठपुरावा यांची जोड आवश्यक आहे. पक्षाघातावरील सार्वजनिक खर्चाचे यश पहिल्या आघातातून वाचलेल्या रुग्णांबरोबरच टळलेल्या दुसऱ्या आघातांवरूनही मोजले गेले पाहिजे.