उत्तर नसतानाचा विश्वास

"देवाचा काहीतरी प्लॅन असेल." कुणी गेलं की मंडळीतलं कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण नाशिकला वडील गेले, तिकीट मिळालं नाही, आणि लीड्सच्या खोलीत बसून तुम्ही दफनविधी व्हिडिओ कॉलवर पाहिला असेल, तर हे वाक्य ऐकून काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. मग दोनच वाटा दिसतात: प्लॅन मान्य करा, नाहीतर विश्वास सोडा. मला इथे एवढंच दाखवायचंय की बायबल स्वतः अशी निवड तुमच्यापुढे ठेवत नाही.

देव चांगला आणि सर्वशक्तिमान असेल तर वाईट का घडतं, याचं तर्कशुद्ध उत्तर शोधण्याच्या खटाटोपाला तत्त्वज्ञानात 'थिओडिसी' म्हणतात. शब्द लाइब्निट्झचा, 1710 सालचा. 1 नोव्हेंबर 1755 ला, ऐन सर्व संतांच्या सणाला, सकाळी लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला भूकंप झाला आणि अशा उत्तरांवरचा युरोपचा भरवसा चांगलाच हलला. वाद अजून चालूच आहे. रडून रडून डोळे सुजलेल्या माणसाला मात्र त्याचा उपयोग फारसा होत नाही, असं माझं मत.

त्यापेक्षा ईयोबाचं पुस्तक उघडा. 42 अध्याय आहेत, पण बहुतेकांना सुरुवातीचे दोन आणि शेवटचा एवढेच माहीत असतात: नीतिमान माणूस सगळं गमावतो, सहन करतो, शेवटी दुप्पट मिळवतो. मधला भाग जवळजवळ सगळा कविता आहे, आणि तिथे ईयोब अजिबात गप्प राहून सोसत नाही. जन्माच्या दिवसाला शाप देतो. देवाला समोर उभं करून खटला चालवायची भाषा करतो. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. (त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.) मग बोलायला लागतात, आणि सूर एकच: तू काहीतरी पाप केलं असशील. आपल्याकडचं 'मागच्या जन्मीचं' आठवलं ना? वही वेगळी, हिशोबाची पद्धत तीच.

38व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो. कारण सांगत नाही. स्वर्गात सैतानाशी काय बोलणं झालं ते वाचकाला पहिल्या अध्यायापासून माहीत असतं, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. त्याला ऐकायला मिळतात ते समुद्र, तारे, रानबकऱ्या आणि शहामृग यांच्याबद्दलचे प्रश्न. खडसावलंही जातं. आणि तरी शेवटच्या अध्यायात देवाचा राग निघतो तो मित्रांवर: ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही, अशा अर्थाचं तो त्यांना सांगतो. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि त्याच्याशी भांडणारा जवळचा ठरला. पुढे ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात. पहिली दहा परत येत नाहीत. हा शेवट मला आजवर पचलेला नाही, आणि पचवायची घाईही मी करत नाही.

स्तोत्रसंहितेतही हेच. 150 स्तोत्रांमध्ये विलापाची कितीतरी आहेत. बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, 88वं वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी प्रार्थनांचं हे पुस्तक रचलं त्यांनी ते गाळलं नाही. जो नाहीच, त्याच्याकडे कुणी तक्रार घेऊन जात नाही.

येशूही पापाचा हिशोब नाकारतो. योहानाच्या 9व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तो म्हणतो, कुणाचंच नाही. लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या 18 जणांबद्दलही तो म्हणतो की ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. आणि वधस्तंभावर तो स्वतःच 22व्या स्तोत्राच्या पहिल्या शब्दांत देवाला 'का' विचारतो. त्या क्षणी वरून उत्तर येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा इथेच आहे: देवाने कारणमीमांसा पाठवली नाही, तो स्वतः त्या 'का' मध्ये उतरला. पुनरुत्थानाने दुःखाच्या शेवटाचं वचन दिलं, कारण तेव्हाही सांगितलं नाही.

कुणी हे जगून पाहिलंय का, असं विचाराल तर पंडिता रमाबाई बघा. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण काही महिन्यांत गेले. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये कॉलऱ्याने पती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही हिशोब थांबला नाही. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, वय अवघं 40. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम पुढे तिच्याकडे जायचं होतं. रमाबाई त्या काळात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, नंतर ते बायबल केडगावच्याच छापखान्यात छापून झालं. ईयोबाचे शब्द आणि 88वं स्तोत्र मराठीत आणताना त्यांच्या मनात काय होतं, याचा अंदाज आपण करू नये. ते शब्द त्यांनी नेमके ठेवले, एवढं पुरे.

तुमच्या ग्रुपमधल्या कुणाचा विश्वास अशा वेळी सुटला, तर त्याला कमजोर ठरवू नका. ते मित्रांचंच काम झालं. आणि स्वतःला प्रार्थना सुचत नसेल तर 88वं स्तोत्र मोठ्याने वाचा, जमलं तर मराठीत. 18 वचनं आहेत. शेवटी 'आमेन' म्हणायची सक्ती नाही.