खत विस्कटण्याआधी त्यातलं प्लास्टिक बघा



नांगरट झाली, आता खताच्या ट्रॉल्या रानात पडायला लागल्यात. गेल्या आठवड्यात केम शिवारात एका सभासदाच्या रानात उभा होतो. शेणखताच्या ढिगात गुटख्याच्या पुड्या, शांपूची पाकिटं, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे दिसले. ते म्हणाले, "राहू द्या साहेब, कुजून जाईल."

कुजत नाही. उन्हानं प्लास्टिक कडक होतं, फुटतं, आणि वरून रोटर फिरला की एका पिशवीचे शेकडो तुकडे होतात. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. तो हातानं वेचून काढता येत नाही. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसात हे तुकडे त्यातून खाली जातात. गांडुळंही ते खाली ओढतात. टॉक्सिक्स लिंक ही संस्था आणि मणिपालच्या संशोधकांनी कर्नाटक-महाराष्ट्रातल्या मल्चिंगच्या रानांची माती तपासली, तेव्हा 30 सेंटिमीटरपर्यंतच्या थरात प्लास्टिक सापडलं. म्हणजे मुळ्या चालतात तिथंच. अशा मातीत पाणी मुरण्याची आणि टिकण्याची पद्धत बदलते. प्लास्टिकचं प्रमाण जास्त ठेवून केलेल्या प्रयोगांत गांडुळांची वाढही खुंटलेली दिसली.

आता शहरी कचऱ्याच्या खताबद्दल, कारण ते स्वस्त पडतं म्हणून बरेच जण विचारतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे सिटी कंपोस्टचा किमान 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडावा लागतो. जरा हिशोब करा: मायक्रोप्लास्टिक 5 मिलिमीटरच्या आतलं, चाळणी 4 ची. मोठी पिशवी वर राहते, बारीक चुरा खतासोबत खाली येतो. म्हणून "चाळलेलं आहे" यावर जाऊ नका, ओला कचरा घरातूनच वेगळा गोळा केला होता का ते विचारा. जुन्या कचरा डेपोतली चाळलेली "माती" कुणी फुकट दिली तरी रानात घेऊ नका.

खत घरीच तपासता येतं. बादलीभर पाण्यात दोन मुठी खत ढवळा. पिशव्यांचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. काड्याही तरंगतात, म्हणून संशय आला तर तापवलेली सुई टेकवा. प्लास्टिक वितळतं, काडी नुसती करपते.

गावाचा कचरा पडतो त्याच्या खालच्या अंगाला किंवा वाऱ्याच्या तोंडाला ज्यांचं रान आहे, त्यांनी पावसाआधी एकदा बांधाकडेच्या पिशव्या अख्ख्या आहेत तोवर वेचून घ्या. वरच्या बांधाला चर काढा, गजराज गवताची दाट ओळ लावा. (आडोशाला जुनं शेडनेट लावू नका, तेही प्लास्टिकच.) गोळा केलेलं पेटवू नका. अर्धवट वितळलेले गोळे रानातच राहतात, शिवाय हरित लवादाच्या 2016 च्या आदेशाप्रमाणे उघड्यावर कचरा जाळायला 5,000 रुपये दंड आहे.

कलिंगडवाल्यांनो, मल्चिंग पातळ घेतलं की काढताना फाटतं आणि निम्मं मातीतच राहतं. चीनमध्ये हेच झालं. तिथं 2018 पासून 10 मायक्रॉनपेक्षा पातळ कागदाला परवानगी नाही. आपण 25 च्या खाली जाऊ नका, आणि वेल वाळल्यावर रोटर मारायच्या आधी कागद गुंडाळून काढा. केळीच्या घडाच्या पिशव्या आणि बांधायच्या पट्ट्याही तशाच.

खताची ट्रॉली ठरवण्याआधी किलोभर नमुना घेऊन ऑफिसला या, बादली इथं आहे. नमुना कापडी पिशवीतून आणा म्हणजे झालं.