मुक्त सॉफ्टवेअरच्या पंगतीतले अन्नदाते

नव्वदच्या दशकात नगरला चितळे रोडवर किंवा दिल्ली गेटजवळ लग्नपत्रिका करून घ्यायला गेलं, की डीटीपीवाल्याच्या संगणकामागे एक डोंगल खोचलेला असे. तो काढला की मराठी बंद. त्यातून एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी चिन्हांचा नुसता काला. छापखाना बदलला की पत्रिका पहिल्यापासून टाइप करा. मुक्त सॉफ्टवेअरवाले मराठीकडे वळले ते हे कुलूप काढायला.

गंमत म्हणजे किल्ली निघाली कुलूपवाल्यांच्याच खिशातून. २००३ मध्ये मुंबईच्या सायबरस्केप मल्टिमीडियाने, म्हणजे ‘आकृती’वाल्यांनी, देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुले केले. फॉन्टच्या नावात ‘आकृती’ होतंच, त्यामुळे यादी उघडणाऱ्याला कंपनीची पाटी दिसणारच होती. पुढच्याच वर्षी रेड हॅट या लिनक्स कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून, म्हणजे ‘श्री-लिपी’वाल्यांकडून, मिळवलेले फॉन्ट ‘लोहित’ नावाने आणले. लोहित म्हणजे लाल. टोपी कुणाची, हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

जाहिरातच होती ही, आणि या चळवळीला धंद्याचं वावडं कधीच नव्हतं. तिचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स या संपादकाची टेप दीडशे डॉलरला विकत होते. जीपीएल विकायला मना करत नाही. घेणाऱ्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे आणि तो बदलून पुढे देता आला पाहिजे, एवढीच तिची अट. डेबियन ही मुक्त प्रणाली बनवणाऱ्यांनी तर आपल्या टपालयाद्यांवरच्या जाहिरातींचा दरच ठरवून टाकला: हजार डॉलरची देणगी देऊन पावती दाखवा, नाहीतर १९९९ डॉलर भरा.

आपल्याकडे हरिनाम सप्ताहात अन्नदात्याचं नाव माइकवरून पुकारतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पंगत जेवलेली असते. पण एक शितही न वाढता मंडपात फक्त दुकानाचा फलक लावू म्हणणाऱ्याला गाव उभं करत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा हिशेब थेट हाच राहिला. फॉन्ट, कोड, भाषांतर यांपैकी काही ठेवून गेलेल्या कंपनीचं नाव आदराने घेतलं गेलं. ओळख लपवून स्वतःच्याच मालाची तारीफ करणाऱ्याला मात्र बाहेरची वाट दाखवली गेली.

अवघड गेलं ते फुकट वाटणाऱ्यांना ओळखणं. २००५ पासून केंद्र सरकारने सी-डॅक या आपल्या संगणक संस्थेमार्फत भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या सीडी मोफत वाटल्या. त्यात ओपनऑफिससारखी खरी मुक्त सॉफ्टवेअर होती, आणि वापरायला फुकट पण बदलायला बंद असलेलीही. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखीच वाटत. फरक कळे तो पुढे, एखादं जोडाक्षर मोडलं आणि ते दुरुस्त करायची वेळ आली की. लोहितमध्ये ती दुरुस्ती कुणालाही करता येत होती, बंद फॉन्टमध्ये कंपनीची वाट बघत बसावं लागे.

२०११ मध्ये लोहित ओएफएल या खास फॉन्टसाठीच्या परवान्याखाली गेला. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ही याच परवान्यावर आला. या परवान्यात नावाचा प्रश्नही नीट सोडवलेला आहे. अक्षरं हवी तशी बदला, पण मूळ कर्त्याने राखून ठेवलेलं नाव बदललेल्या फॉन्टला लावू नका. म्हणजे कर्त्याचं श्रेय त्याच्याकडे राहतं आणि अक्षरं सगळ्यांची होतात.

पुढे २०१९ मध्ये खुद्द रेड हॅटच आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. नव्या मालकाच्या मनात आलं असतं, तरी एकदा खुला केलेला लोहित लोकांकडून परत घेता आला नसता. एखादी कंपनी मराठीसाठी काही भेट घेऊन आली, की ती उद्या विकली गेली तर ही भेट आपल्याकडे राहील का, एवढं आधी विचारून घ्यावं. उत्तर ‘हो’ असेल, तर नाव खुशाल मोठ्या अक्षरात लावू द्यावं.